अर्ध्या तासाचा कॅमेरा: कॅनन खटला आणि मागे राहिलेला वर्गीकरणाचा प्रश्न

कस्टम्सच्या कामात मुरलेल्या माणसाला 'कॅनन' म्हटले की कॅमेरा आठवत नाही, डीआरआयच्या, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, शुल्कवसुलीच्या नोटिसा आठवतात. ९ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभरातल्या अशा नोटिसांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. ७ नोव्हेंबर २०२४ च्या फेरविचार निकालाने ती परत दिली. या दोन तारखांच्या दरम्यान वकील, सल्लागार आणि आयातदार यांच्यात जी काही चर्चा झाली ती जवळजवळ सगळी एकाच मुद्द्यावर होती: नोटीस काढण्याचा अधिकार कोणाला? खटला सुरू झाला होता तो मात्र वेगळ्याच प्रश्नावरून. हातात मावणारा डिजिटल कॅमेरा फोटोबरोबर व्हिडिओही घेत असेल, तर शुल्काच्या हिशेबी तो फोटोचा कॅमेरा की व्हिडिओचा?

हा प्रश्न अधिकाराच्या वादाखाली गाडला गेला. इथे तो उकरून काढायचा आहे, कारण उपकरणे बदलली तरी प्रश्नाची जात तीच राहते.

माल आला, माल सुटला

१६ मार्च २०१२ ला प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्प मांडला. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे अधिसूचनांचा गठ्ठा निघाला, त्यात एक होती १५/२०१२. 'डिजिटल स्टिल इमेज व्हिडिओ कॅमेरा' या मालाला मूळ सीमाशुल्कातून २००५ पासून माफी होती. नव्या अधिसूचनेने त्या माफीला एक व्याख्या चिकटवली. तोवर काम फक्त नावावर चालत होते, आता मोजमापे आली.

त्याच महिन्यात दिल्लीच्या एअर कार्गोत कॅमेऱ्यांचा माल उतरला. शुल्काचे निर्धारण आयातदाराने स्वतः करायचे, ही पद्धत एप्रिल २०११ पासून सुरू झालेली होती. त्याप्रमाणे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचे विवरणपत्र, भरले गेले, माफीचा दावा केला गेला, सोबत कॅमेऱ्यांची माहितीपत्रके जोडली गेली. मूल्यांकन गटाच्या उपायुक्तांनी कागद तपासले आणि २४ मार्चला माल शुल्कमाफीसह सोडला. व्याख्या निघून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. अर्थसंकल्पानंतरच्या आठवड्यात मूल्यांकनाच्या ग्रुपमध्ये काय परिस्थिती असते हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको: सिस्टीममध्ये नवे दर चढत असतात, ब्रोकर एकमेकांना फोन करून 'तुमच्याकडे हे कसे घेतायत' असे विचारत असतात.

पुढची दोन वर्षे शांततेत गेली. १९ ऑगस्ट २०१४ ला डीआरआयच्या अतिरिक्त महासंचालकांनी कारणे दाखवा नोटीस काढली. आरोप असा की कॅमेऱ्यांबद्दल जाणूनबुजून चुकीची माहिती देऊन आणि वस्तुस्थिती दडवून कस्टम्सला माल सोडायला लावले. कॅननबरोबर निकॉन, सोनी आणि सॅमसंग यांच्या भारतीय कंपन्याही या वादात होत्या. अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे सेस्टॅटने, १९ डिसेंबर २०१७ ला सगळ्यांचा एकत्र निकाल दिला आणि माफी नाकारली. माल जप्तीस पात्र, व्याज, दंड हे सगळे ओघाने आलेच.

या तारखांमध्ये एक गोष्ट दडलेली आहे. माल सुटला आणि नोटीस निघाली यात दोन वर्षे आणि जवळजवळ पाच महिने गेले. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २८(१) खाली साधी नोटीस काढायची मुदत त्या काळी एक वर्ष होती (२०१६ मध्ये ती दोन वर्षे झाली). ती उलटून गेल्यावर एकच वाट उरते, कलम २८(४). त्यात पाच वर्षे मिळतात, पण संगनमत, हेतुपुरस्सर चुकीचे निवेदन किंवा माहिती दडवणे यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. या धंद्यातला हा जुना अनुभव आहे की अकराव्या महिन्यापर्यंत जो मतभेद असतो तो तेराव्या महिन्यात 'दडवणूक' होतो. कॅननच्या प्रकरणात दडवणूक होती की नव्हती यावर मी मत देत नाही. पण माहितीपत्रक जोडलेले होते आणि अधिकाऱ्याने ते पाहून माल सोडला, ही नोंद कागदावर होती. पुढे सगळा बचाव याच नोंदीवर उभा राहिला.

एकात अडकलेले दोन प्रश्न

अशा प्रकरणांत वर्गीकरण आणि माफी यांची सरमिसळ हमखास होते. दोन्ही वेगळे आहेत, दोन्हींची सिद्धता वेगवेगळ्या माणसाच्या डोक्यावर असते.

आधी वर्गीकरण. एचएस, म्हणजे शुल्कासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मालाच्या क्रमांक-यादीच्या, २००७ च्या आवृत्तीपासून टेलिव्हिजन कॅमेरे, डिजिटल कॅमेरे आणि व्हिडिओ कॅमेरा रेकॉर्डर हे तिन्ही एकाच सहा अंकी उपशीर्षकात होते, ८५२५.८०. जगभर सहा अंकांपर्यंत यात भांडण नाही. भारताने आपल्या आठ अंकी टॅरिफमध्ये त्याची फोड केली, डिजिटल कॅमेऱ्याला ८५२५ ८० २० आणि व्हिडिओ कॅमेरा रेकॉर्डरला ८५२५ ८० ३०. आता दोन्ही कामे करणारे यंत्र कुठे घालायचे? सोळाव्या विभागाची तिसरी टीप सांगते की अनेक कामे करणारे यंत्र त्याच्या मुख्य कामावरून ओळखायचे. म्हणून तर खिशातला फोन दोन-दोन तास चित्रीकरण करू शकला तरी ८५२५ मध्ये जात नाही, ८५१७ मध्येच, म्हणजे फोनच्या शीर्षकातच, राहतो. स्मार्टवॉचवरूनही असाच वाद झाला होता. काही देश त्याला घड्याळ म्हणत होते. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस समितीने ते ८५१७.६२ मध्ये, म्हणजे संदेश घेणाऱ्या-देणाऱ्या उपकरणांत घातले. मनगटाला पट्टा आहे एवढ्यावरून ते घड्याळ ठरले नाही.

या कसोटीवर खिशात मावणारा किंवा गळ्यात अडकवायचा डिजिटल कॅमेरा बहुतेक वेळा फोटोचाच ठरतो. पकड, शटरचे बटण, व्ह्यूफाइंडर, लेन्सची रचना, सगळे फोटोसाठी. आणि वर्गीकरण चुकले आहे हे दाखवायची जबाबदारी खात्याची.

माफीचे तसे नाही. माफी मागणाऱ्याने आपण तिच्यात बसतो हे दाखवायचे. ३० जुलै २०१८ ला, म्हणजे सेस्टॅटच्या निकालानंतर सात महिन्यांनी, दिलीप कुमार अँड कंपनी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे पक्केच केले: शुल्क लावणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर फायदा करदात्याला, माफीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला. ते प्रकरण मुंबईच्या आयात आयुक्तांचे होते आणि वस्तू होती पशुखाद्यात घालायचा पूरक पदार्थ, पण त्याची झळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाला लागते.

म्हणजे कॅननचा कॅमेरा ८५२५ ८० २० मध्ये आरामात बसला असता तरी तेवढ्याने शुल्क वाचत नव्हते. माफीच्या व्याख्येची दुसरी चाळणी होतीच. त्यातून पडला नाही तर त्या काळचे सर्वसाधारण १० टक्के मूळ शुल्क.

व्याख्या जवळून

१५/२०१२ मधली व्याख्या मराठीत मांडायची तर अशी होते: साठवणुकीची कमाल क्षमता (वाढवलेली धरून) वापरून, किमान ८०० × ६०० पिक्सेलचा, सेकंदाला किमान २३ फ्रेमचा व्हिडिओ एका सलग क्रमात किमान ३० मिनिटे रेकॉर्ड करू न शकणारा कॅमेरा.

वाक्य नकारात्मक आहे, आणि गंमत तिथेच आहे. तीन उंबरठे 'आणि'ने जोडलेले आहेत आणि नकार सगळ्यांवर मिळून आहे. तिन्ही उंबरठे एकाच वेळी ओलांडले तरच माफी जाते. ६४० × ४८० चा व्हिडिओ चार तास घेणारा कॅमेरा? पिक्सेल कमी पडले, माफी शाबूत. १२८० × ७२० चा, पण सेकंदाला १५ फ्रेमचा? फ्रेम कमी, माफी शाबूत. १९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, पण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबणारा? मिनिटे कमी, माफी शाबूत. तोच कॅमेरा आणखी दोन सेकंद चालला असता तर १० टक्के.

आता 'साठवणुकीची कमाल क्षमता (वाढवलेली धरून)' हे शब्द पाहा. खोक्यात ४ जीबीचे कार्ड देऊन 'यात वीसच मिनिटे मावतात' म्हणायची सोय यांनी बंद केली. कॅमेरा जेवढे मोठे कार्ड घेतो तेवढे घालून चाचणी करायची. पण कॅमेरा थांबतो तो कशामुळे, याकडे व्याख्या बघत नाही. कार्ड भरले म्हणून थांबला तर वाढीव कार्ड घालून पुन्हा पाहा. फर्मवेअरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, मर्यादा लिहिली आहे म्हणून थांबला तर कार्ड कितीही मोठे घाला, तो थांबणारच, आणि माझ्या वाचनाप्रमाणे तो माफीत बसतो. बॅटरी संपली म्हणून थांबला तर? सेन्सर तापला म्हणून थांबला तर? व्याख्येत फक्त साठवणूक आहे; बॅटरीचा किंवा उष्णतेचा शब्द नाही. वीजजोडणीचा अॅडाप्टर लावून चाचणी घ्यायची की नाही, खोलीचे तापमान किती ठेवायचे, हे अधिसूचना लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसावे. कॅमेऱ्यात प्रत्यक्षात नेमक्या याच गोष्टी मिनिटे ठरवतात.

आणि 'एका सलग क्रमात'. २००८ च्या कॅननच्या ५डी मार्क २ मध्ये फुल एचडी व्हिडिओ सुमारे बारा मिनिटांत थांबे. त्याचे कारण शुल्क नव्हते. कार्डावरच्या फॅट३२ या फाइल-पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. पुढच्या काही यंत्रांनी यावर तोड काढली: ४ जीबी भरले की नवी फाइल आपोआप उघडायची आणि चित्रीकरण न थांबता चालू ठेवायचे. मग सलग क्रम कोणता, एक फाइल की माणसाने बटण दाबल्यापासून पुन्हा दाबेपर्यंतचा काळ? १५/२०१२ यावर गप्प आहे.

अर्धा तास आला कुठून

८०० × ६००, २३ फ्रेम, ३० मिनिटे. हे आकडे दिल्लीत कोणी मोजून काढलेले नाहीत. युरोपीय संघाच्या संयुक्त नामावलीवरील, म्हणजे तिथल्या शुल्काच्या माल-यादीवरील, स्पष्टीकरणात्मक टिपांत जवळजवळ याच शब्दांत ही कसोटी आधीपासून होती. तिथे डिजिटल फोटो-कॅमेऱ्याला शून्य शुल्क होते. केवळ स्वतःच्या लेन्समधून आलेलेच चित्रण साठवणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याला ४.९ टक्के, आणि बाहेरून तारेने आलेले चित्रही रेकॉर्ड करू शकणाऱ्याला चक्क १४ टक्के. शून्याचे मूळ १९९६ च्या सिंगापूरच्या माहिती तंत्रज्ञान करारात. त्या कराराच्या यादीत 'डिजिटल स्टिल इमेज व्हिडिओ कॅमेरा' असे विचित्र नाव आहे, आणि तेच २००५ च्या भारतीय माफीत उतरले. स्टिल आणि व्हिडिओ एकाच नावात कसे? सोनीने १९८१ मध्ये मॅव्हिका दाखवला तेव्हा तो व्हिडिओची एकेक चौकट चुंबकी चकतीवर स्थिर चित्र म्हणून धरून ठेवत असे. त्या पिढीची ही भाषा. पुढे कॅमेरे खरोखरच चालते चित्र घेऊ लागले आणि नाव गोंधळाचे झाले.

उद्योगाने या रेषेला जे उत्तर दिले ते हौशी चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. लग्नात सप्तपदी चालू आहे, कॅमेरा तिपाईवर लावलेला आहे, पडद्यावर लाल ठिपका आणि मिनिटांचा आकडा चढतो आहे. २९:५९ झाले की ठिपका विझतो. सेन्सरला काही झालेले नसते, कार्डावर जागा असते, बॅटरी निम्मी असते. पुन्हा बटण दाबले की पुन्हा २९:५९. मुंबई-पुण्याच्या लग्नांतले व्हिडिओवालेही ही मर्यादा गृहीत धरूनच काम करत. ब्रसेल्समधल्या एका टिपेचा तो परिणाम होता, कारण कंपन्यांना देशागणिक वेगळा कॅमेरा बनवणे परवडत नव्हते.

युरोपातल्या न्यायालयाला मात्र व्याख्येतल्या फटींना उत्तरे द्यावी लागली. त्यातली दोन इथे उपयोगी आहेत. २००७ मध्ये मेडियन आणि कॅनन डॉइचलँड यांच्या एकत्रित प्रकरणात वाद असा होता: कॅमकॉर्डरमध्ये बाहेरून आलेले चित्र रेकॉर्ड करायची सोय आयातीच्या वेळी बंद होती, पण नंतर चालू करता येत होती. न्यायालय म्हणाले, माल सीमेवर येतो त्या वेळी त्याच्यात वस्तुतः काय आहे ते पाहा. उत्पादकाने ती सोय जाहीर केलेली नसली तरी विशेष कौशल्य नसलेला वापरकर्ता यंत्रात बदल न करता ती सहज चालू करू शकत असेल, तर ती आहेच असे धरा. दुसरे प्रकरण २०१७ चे, गोप्रो हिरो ३ या अॅक्शन कॅमेऱ्याचे. त्यात रेकॉर्डिंग छोट्या छोट्या फाइलींत तुटत होते. न्यायालयाने सांगितले की परत पाहताना प्रेक्षकाला एक फाइल संपून दुसरी सुरू झाल्याचे जाणवत नसेल, तर प्रत्येक फाइल तीस मिनिटांपेक्षा लहान असणे गैरलागू आहे.

भारतीय अधिकाऱ्याला हे निकाल बंधनकारक नाहीत. पण कसोटी तिथून उचलली असेल तर तिचा अर्थ लावताना तिथे काय झाले हे पाहणे शहाणपणाचे ठरते, आणि आयातदाराच्या वकिलानेही ते सोयीपुरते पाहून चालत नाही. मेडियनचा नियम फर्मवेअरने बांधलेल्या २९:५९ च्या कॅमेऱ्याला वाचवतो, पण मेन्यूतली एक खूण बदलून ती मर्यादा उठत असेल तर तोच नियम त्याला बुडवतो.

न्यायालयात काय झाले

सर्वोच्च न्यायालयात कॅमेरा बाजूला राहिला. २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. बोपण्णा आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने कलम २८(४) मधल्या 'द प्रॉपर ऑफिसर' या शब्दांवर बोट ठेवले. कायदा 'कोणताही' अधिकारी म्हणत नाही, 'तो' सक्षम अधिकारी म्हणतो. तेव्हा ज्याने माल सोडताना निर्धारण केले तोच, त्याच्या जागी आलेला, किंवा त्याच कार्यालयात ते काम सोपवलेला अधिकारीच ते पुन्हा उघडू शकतो. डीआरआयचे अतिरिक्त महासंचालक यांत बसत नाहीत, म्हणून सगळी कारवाई मुळातच अधिकाराविना. मागणी रद्द. कॅमेरा माफीत बसतो का, हा प्रश्न गौण झाला.

या तर्काचे बीज मुंबईतच पडलेले होते. मुंबईच्या प्रिव्हेंटिव्ह आयुक्तालयाच्या एका प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच अधिकाराचा मुद्दा घेतला होता. त्यावर उपाय म्हणून संसदेने त्याच वर्षी, आधी नेमलेल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सक्षम अधिकारी ठरवणारे कलम २८(११) घातले. ते मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टिकवले, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला कात्री लावली. कॅननचा निकाल आला तो या धुमश्चक्रीवर.

सरकारने दोन आघाड्या उघडल्या. फेरविचार याचिका एकीकडे, वित्त अधिनियम २०२२ दुसरीकडे. त्या अधिनियमाने डीआरआयचे अधिकारी हे सीमाशुल्क अधिकाऱ्यांचाच एक वर्ग असल्याचे कलम ३ मध्ये लिहिले आणि कलम ९७ ने जुन्या नोटिसा वैध ठरवल्या. गंमत म्हणजे त्याच अधिनियमाने कलम ११०एए आणले: तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने अहवाल आणि कागदपत्रे संबंधित बंदराच्या सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवायची आणि नोटीस त्या अधिकाऱ्याने काढायची. म्हणजे मागच्या नोटिसा वाचवल्या आणि पुढच्यासाठी २०२१ च्या निकालाचेच तत्त्व बरेचसे मान्य केले. खात्यातले लोक हे उघडपणे म्हणणार नाहीत.

फेरविचार सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्यापुढे झाला. २०२१ च्या पीठापुढे १९९९ चे परिपत्रक आणि ६ जुलै २०११ ची अधिसूचना क्रमांक ४४ आणलीच गेली नव्हती. त्यांतून डीआरआयच्या अधिकाऱ्यांना हे काम सोपवलेले होते. कलम १७ चे निर्धारण आणि कलम २८ ची वसुली ही दोन वेगळी कामे आहेत, पहिले करणाऱ्यानेच दुसरे करावे असे कायदा सांगत नाही, असे हा निकाल म्हणतो. कलम ९७ टिकले, मुंबई उच्च न्यायालयाचे मत उचलून धरले गेले, दिल्लीचे गेले. देशभर अडकलेल्या प्रकरणांसाठी ठिकठिकाणी आठ आठवड्यांच्या मुदती घालून दिल्या. २०२१ च्या भरवशावर ज्यांनी गुणवत्तेचे मुद्दे मांडायचेच टाळले होते त्यांना फायली पुन्हा उघडाव्या लागल्या.

बोबडे नागपूरचे, चंद्रचूड घराणे पुण्याकडचे. एकाच वादात परस्परविरोधी निकाल देणाऱ्या दोन्ही पीठांचे प्रमुख मराठी, हा निव्वळ योगायोग. पण मुंबई न्यू कस्टम हाऊसच्या कँटीनमध्ये तो हटकून चघळला जातो.

त्या टेबलावर दुसरे काय करता आले असते

मार्च २०१२ मध्ये त्या ग्रुपपुढे कलम १८ चा मार्ग होता. व्याख्या आठवड्याभराची आहे, मोजमाप तांत्रिक आहे, तर निर्धारण तात्पुरते करायचे, बाँड घ्यायचा, प्रत्येक मॉडेलचा एक नमुना काढून घ्यायचा. कॅमेऱ्याला चालणारे सगळ्यात मोठे कार्ड घालायचे, अॅडाप्टर लावायचा, ८०० × ६०० च्या वरचा प्रत्येक दर्जा एकेक करून निवडायचा आणि घड्याळ लावून बसायचे. एका दर्जाला अर्धा तास. तापून थांबला तर तशी नोंद, फाइल तुटली तर तशी नोंद, मर्यादा मेन्यूत बदलता येते का ती नोंद. तपासनीस, ब्रोकर आणि आयातदाराचा माणूस अशा तिघांच्या सह्या. हे झाले असते तर पुढे दडवणुकीचा आरोप ठेवायला जागा उरली नसती, किंवा उरली असती तर ती पक्क्या पायावर. माल अडकून विलंब-आकार चढतो म्हणून तात्पुरते निर्धारण कोणालाच आवडत नाही, हे खरे आहे. हवाई मालाच्या बाबतीत तर जास्तच.

आयातदारांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. नुसते माहितीपत्रक जोडणे म्हणजे माहिती देणे खरे, पण माहितीपत्रकात 'फुल एचडी मूव्ही' असे ठळक आणि मिनिटांची मर्यादा तळटीपेत बारीक असेल, तर व्याख्येला लागणारा एकमेव आकडा अधिकाऱ्याने शोधून काढायचा असा त्याचा अर्थ होतो. बिल ऑफ एन्ट्रीच्या वर्णनातच तो यायला हवा: मॉडेल, फर्मवेअर आवृत्ती, कमाल दर्जा, त्या दर्जातला कमाल सलग वेळ आणि थांबण्याचे कारण. आजही मला येणाऱ्या कागदांत 'डिजिटल कॅमेरा विथ अॅक्सेसरीज' एवढेच वर्णन दिसते, तेव्हा पुढच्या नोटिशीचा मसुदा आधीच लिहून झाला आहे असे वाटते.

आज यापेक्षा बरा मार्ग आहे. जानेवारी २०२१ पासून दिल्लीत आणि मुंबईत सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण काम करते. माल निघण्यापूर्वीच वर्गीकरण आणि अधिसूचनेची लागूता हे दोन्ही प्रश्न तिथे विचारता येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर निर्णय तीन वर्षे चालतो. त्याचा आधार मात्र अर्जात सांगितलेली वस्तुस्थिती असतो. फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीने यंत्राचे वागणे बदलले तर जुना निर्णय दाखवून भागत नाही.

कॅमेऱ्यांपुरता तो अर्धा तास आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. २०१५ मध्ये नैरोबीत माहिती तंत्रज्ञान कराराचा विस्तार ठरला, त्यातून युरोपने व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत शून्यावर आणले, आणि २०२० च्या सुमारापासून अनेक नव्या कॅमेऱ्यांमधून २९:५९ ची मर्यादा निघून गेली. भारत त्या विस्तारात सामील झाला नाही. २०२२ च्या एचएस आवृत्तीने ८५२५.८० मोडून चार उपशीर्षके केली: अतिवेगवान, किरणोत्सर्ग सोसणारे, रात्री पाहणारे आणि इतर. फोटो-व्हिडिओचा भेद त्यांत कुठेच नाही.

सध्याचा प्रश्न हातात धरून खेळायच्या संगणकांचा आहे. दोन्ही बाजूंना बटणे आणि कांड्या, मध्ये पडदा, आत पूर्ण विंडोज. उपशीर्षक ९५०४.५० मध्ये स्वतःचा पडदा असलेली, हातात धरायची गेम यंत्रेही येतात. ८४७१ मध्ये, म्हणजे संगणकांत, जायचे तर यंत्र मुक्तपणे प्रोग्राम करता आले पाहिजे, या आणि प्रकरण ८४ च्या टिपेतल्या बाकीच्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात, आणि त्या अशी यंत्रे बहुतेक पुऱ्या करतात. कळफलक नाही म्हणून ८४७१.३० नाही, हा आक्षेप टॅबलेटच्या वेळीच मागे पडला. उरतो तो मुख्य कामाचा प्रश्न, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'गेमिंग' छापलेले असते. असा माल हाताशी आला तर मी आगाऊ निर्णयाच्या अर्जात शीर्षकाचा प्रश्न आणि माफीचा प्रश्न वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडेन, यंत्र कारखान्यातून निघताना त्यात काय बसवलेले असते त्याची यादी जोडेन, आणि जाहिरातीचे पत्रकही अर्जातून वगळणार नाही. ते डीआरआयला कुठूनही मिळतेच.